लाल पट्टा नसलेली घरघंटी

१

अक्काबाई मेली तेव्हा घरघंटी चालूच होती.

शेजारची म्हातारी बयाबाई ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होती. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आलेली, त्यामुळे पाड्यावरच्या बायका अक्काबाईकडून नागली, म्हणजे नाचणी, दळून नेत होत्या. दाणे संपले की घरघंटीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. तो पोकळ झाला आणि तसाच राहिला. बराच वेळ कोणी बटण बंद करीना, तेव्हा बयाबाई काठी टेकत उठली. अक्काबाई सारवलेल्या जमिनीवर कुशीवर पडली होती. एक हात अजून यंत्राच्या पत्र्याला टेकलेला होता. म्हातारीने तिला हात लावला नाही. आधी काठीने वायर ओढून काढली. म्हणून त्या दिवशी तिथे एकच बाई मेली.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. निवृत्त झालो तरी लहानसहान कामं येतात. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. पण जळालेली गोदामं आणि उलटलेले ट्रक उलट उत्तर देत नाहीत, म्हणून इतकी वर्षं निभावलं. हे काम तसं नव्हतं. माझ्याकडे कागद आला त्यावर जवळजवळ सगळं आधीच लिहिलेलं होतं. घरघंटी कंपनीची, पण मोडीत काढलेली. सिन्नरच्या परतावा केंद्रातून चोरीला गेलेली. चोर तिथलाच कामगार बुधा, मेलेल्या बाईचा दीर. चोरीच्या मालाने झालेल्या मृत्यूची जबाबदारी कंपनीवर नाही. मी जाऊन बघायचं आणि सही करायची, एवढंच.

पेठहून जीपने पाड्यावर पोचलो, तेव्हा अक्काबाईचा नवरा मनोज दारात उकिडवा बसला होता. निफाडकडे द्राक्षबागांच्या छाटणीला गेला होता, तिथून निरोपावर परत आलेला.

"तुमी कंपनीचं माणूस?"

"नाही. विम्याचा."

"मंग कंपनीचंच."

 घरघंटी पोलीस पाटलाच्या पडवीत ठेवली होती. पाठीमागे सिन्नर केंद्राची चिठ्ठी चिकटवलेली. मी फोटो काढले. मोटारीच्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर गुलाबी रंगाचा वाळलेला थेंब होता. प्लग उघडून पाहिला. तीन वायरींपैकी हिरवी, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी, जागेवर नव्हती. काढून मागे दुमडली होती आणि तिच्यावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. पाटलाला विचारून मी आतली पिठाची जाळी कागदात बांधून घेतली.

"यंत्र आणलं कोणी?" मी बायकांना विचारलं.

बयाबाई म्हणाली, "तिनं सांगितलं नाय. भाताच्या टेम्पोतून आलं, नाशकात हमालानं चढवलं म्हणं. आमी इचारलं, तर हसायची. सायबानं दिलं, नाव सांगायचं नाय, नायतर समद्याच मागाल."

"कोणत्या साहेबाने?"

"आमाला काय, पँट घातलेला समदाच सायब."

दाराबाहेर अक्काबाईच्या चपला तशाच ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघतोय हे पाहून म्हातारी म्हणाली, "कणसरी देवी असते दाण्यात. तिच्यापाशी पायात काय घालत नाय आमी."

मनोज एकदम उठला. "सायब कशाला शोधता? माझाच भाऊ हाय तो. तिथंच कामाला. तिला हौस होती म्हणून यानं आणून दिलं, न् आता तोंड लपवतोय. दिवसाच्या कार्याला हा आला ना, तर मी उठून जाईन!"

मी वळून पाहिलं. वाटेच्या कडेला, साऱ्यांपासून दूर, एक माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

तो बुधा होता. जीपपर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि जीप सुरू झाल्यावर खिडकी धरून म्हणाला, "मी आणली नाय, काका. पर मागितली मीच होती. वयनीसाठी. तिघांपाशी. मॅनेजर, माल तपासणारा न् भंगारवाला."

२

शहरातल्या माणसाला वाटतं, वस्तू परत केली की ती नाहीशी होते. नाशिक-पुण्याची घरं मिक्सर, गिझर, पंखे, घरघंट्या परत पाठवतात आणि त्या सगळ्या सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडतात. खोक्यांवर कारणं लिहिलेली असतात. रंग आवडला नाही. दोन आले. सासूबाईंनी आधीच घेतला. आवाज फार. मी ती कारणं वाचत ढिगांमधून चालत होतो आणि राग येत होता. तेव्हा कशावर रागावलोय तेही नीट कळत नव्हतं.

केंद्राचे मॅनेजर संतोष देवरे मात्र प्रसन्न होते. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस.

"काका, विकणं कोणीही करतं. परत घेणं ही खरी कला. माल आला की सोमनाथ तपासतो. चांगला असेल तर पुन्हा खोक्यात, थोडा बिघडला असेल तर दुरुस्तीला, आणि गेला असेल तर मोडीत. मोडीतल्यावर मी सही करतो. मग मागच्या दारावर वॉचमन त्याच्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढतो. पट्टा ओढल्याशिवाय काहीही मागच्या आवारात जात नाही. तिथे बुधा फोडतो, आणि कारभारी भंगारवाला उचलून नेतो."

"सही तुम्ही तपासणीच्या टेबलापाशी करता?"

"छे! तिथे काय धूळ. माझ्या केबिनबाहेर आणून ठेवतात. सवडीने करतो."

"आणि ही घरघंटी?"

"नाशिक रोडच्या ग्राहकाची. गहू दळायला लावला की घरातलं मेनचं बटण पडायचं. मोटारीतून पत्र्यात वीज उतरत होती. सोमनाथने मोडीत काढली, मी सही केली. बुधाने फोडायला हवी होती. त्याने फोडली नाही, घरी नेली. सरळ आहे."

"त्याने नेली हे कोणी पाहिलं?"

"मग कोणी नेली? भुताने?" देवरे हसले. मग चेहरा गंभीर केला. "वाईट मलाही वाटतं हो. पण ही माणसं... आपण कामाला ठेवतो, विश्वास टाकतो. पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमचा अहवाल आला की त्याला उचलतील."

मी नजर चुकवून त्यांच्यामागच्या फळीकडे पाहिलं. तिथे छापील चिठ्ठ्या लावलेली पाकिटं रचून ठेवली होती. त्यांचं लक्ष गेलं.

"मिसेसचा छोटा उद्योग. न्या ना एक."

"नको," मी म्हणालो. आमच्या धंद्यात कोणाचं काही घ्यायचं नसतं. घ्यायचं असतं तरी मला धीर झाला नसता.

मागच्या आवारात गेलो. फुटलेल्या यंत्रांचा डोंगर होता आणि त्यातल्या प्रत्येक पत्र्यावर, प्रत्येक झाकणावर लाल पट्टा होता, एखाद्याने रागाने ओढावा तसा आडवा. मी मोबाइल काढला. पाड्यावरच्या घरघंटीचे फोटो एकेक करून पाहिले. समोरून, मागून, बाजूने.

तिच्यावर लाल पट्टा नव्हता. खरवडून काढल्याची खूणही नव्हती.

३

"आवो काका, मी तांब्याचा माणूस!" कारभारी म्हणाला. टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून बसला होता. "मोटार दिसली की माझा हात शिवशिवतो. सबंध घरघंटी विकायला मी काय येडा हाय? तिच्या पोटातलं तांबं सोडून?"

"पण तुम्ही इथून काहीही उचलू शकता."

"पट्ट्याचंच. बिनपट्ट्याचा डबा जरी टेम्पोत गावला ना, तर ह्यो वॉचमन माझी टोपीसुद्धा ठेवून घील. इचारा त्याला. लय खवीस हाय."

वॉचमनने दुरूनच मान डोलावली, कौतुक ऐकल्यासारखी.

"बुधाने तुमच्याकडे वहिनीसाठी घरघंटी मागितली होती?"

कारभाऱ्याचं हसणं गेलं. "मागितली. ती बाईबी आली व्हती एकदा गेटावर. मी म्हणलं, मावशी, माझ्याकडं चालता माल नसतो. माझ्याकडं मेलेला असतो." त्याने टोपी काढून हातात घेतली. "असं बोलायला नको व्हतं मी."

मी हिशेब मांडत होतो, भीत भीतच. पट्टा मागच्या दारावर ओढतात. बुधाचं काम पट्ट्यानंतर सुरू होतं. कारभाऱ्याचंही. घरघंटीवर पट्टा नाही, म्हणजे ती त्या दारापर्यंत पोचलीच नव्हती. ती सोमनाथचं टेबल आणि देवऱ्यांची केबिन यांच्यामध्ये कुठेतरी नाहीशी झाली. बुधा सुटला होता. पण हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं. दुसरं नाव दिल्याशिवाय बुधाचं नाव कोणी खोडणार नव्हतं.

सोमनाथ तपासणी विभागाचा प्रमुख. अंगाने किरकोळ, तोंडाने तिखट.

"मी काय लिहिलं होतं ते वाचलं का तुम्ही? 'पत्र्यात वीज.' मोठ्या अक्षरात. त्याहून मोठं लिहायला कागद पुरला नाही."

"मोटारीच्या स्क्रूवर गुलाबी थेंब कसले?"

"बायकोचं नेलपॉलिश. मी मोडीत काढलेली मोटार नंतर कोणी उघडली, तर थेंब फुटतो. मला कळतं. बायको ओरडते, नवा रंग आणला की तुम्ही पळवता."

"मेनचं बटण पडतं म्हणजे नक्की काय होतं?"

"नव्या इमारतींत एक स्विच असतो. वीज जायला नको तिथे गेली की तो आपोआप पडतो. माणूस वाचतो. आमच्या जुन्या घरात नाही बरं का. तिथे मी अजून फ्यूजला तार बांधतो. जन्म गेला दुसऱ्यांची वीज सरळ करण्यात."

"बुधाने तुमच्याकडेही मागितली होती ना?"

"हो. म्हटलं, दुरुस्तीतली चांगली आली तर बघू. मग नवरात्र लागलं. मी नवरात्रात रजेवर असतो. वणीला, गडाच्या पायथ्याशी, मेव्हण्याचं हॉटेल आहे. यात्रेची गर्दी. उपवासाची थालीपिठं थापून हात मोडून येतात."

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. घरी येऊन जाळी उघडली आणि मग वाटलं.

४

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि जाळीभोवतीची रबरी कडी हळूच सोडवली. वर नागलीचं तांबूस पीठ होतं. ते अक्काबाईचं. ब्रशने बाजूला सारलं तर खाली पांढरट थर निघाला. आणि कडीच्या खाचेत न दळलेले बारीक दाणे अडकले होते, मोहरीहून लहान, फिकट पिवळे. भिंग लावलं. राजगिरा. त्याच्या बाजूला वरईचे दाणे. एक कठीण करडा तुकडा होता, तो शिंगाड्याचा.

बायको डोकावली. "गव्हाचा कण नाही त्यात. उपवासाचं दळायचं म्हणून कोणीतरी घासून पुसून घेतलीय. आपण नाही का गिरणीवाल्याला सांगत, आधी धुऊन घे म्हणून?"

नाशिक रोडचा ग्राहक गहू दळत होता. अक्काबाई नागली. मधे कोणीतरी ही घरघंटी धुऊन, पुसून, फक्त उपवासाचं पीठ दळायला वापरली होती. म्हणजे चोराने ती चोरून लगेच विकली नाही. आधी स्वतः वापरली.

वणी. नवरात्र. उपवासाची थालीपिठं. माझ्या डोळ्यांसमोर सोमनाथचा तिखट चेहरा आला. मी अहवालाचा कागद ओढला आणि त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणावर एवढ्या लवकर विश्वास ठेवला असता का, हे माहीत नाही. पण स्वतःवर तर मी कधीच ठेवत नाही. नाव लिहून होताच ते चूक वाटू लागलं.

का चूक? मी फोटो पुन्हा पाहिले. गुलाबी थेंब अखंड होते. मोटार उघडलीच नव्हती. सोमनाथला ती चालवायची असती तर त्याने मोटारच नीट केली असती, निदान उघडून तरी पाहिली असती. ज्याने हात लावला, त्याला फक्त प्लग उघडता येत होता. काळी टेप न घेता त्याने घरातली जखमेची पट्टी गुंडाळली.

आणि हिरवी वायर काढली तरी कशासाठी? ती जोडलेली असताना नव्या इमारतीत मेनचं बटण पडतं. काढली की पडत नाही. यंत्र सुरळीत चालतं आणि वीज पत्र्यात दबा धरून बसते, कोणीतरी हात लावायची वाट बघत. फ्यूजला तार बांधणाऱ्याच्या घरात हा त्रास नसतोच. वणीच्या हॉटेलात फोन करून विचारलं. मेव्हणा म्हणाला, "पीठ? पीठ आम्ही तयार पाकिटं घेतो हो. दळायला वेळ कुणाला?"

पाकिटं.

मी डोळे मिटले आणि देवऱ्यांच्या मागची फळी आठवायचा प्रयत्न केला. छापील चिठ्ठी. गुलाबी अक्षरं. 'मोहिनी उपवास भाजणी.' खाली गंगापूर रोडचा पत्ता.

मी कागदावरचं सोमनाथचं नाव खोडलं. 

५

दार उघडलं ते मोहिनी देवरे यांनी. बाई मनमोकळी होती. भाजणी हवी आहे म्हटल्यावर आत बोलावून पाणी दिलं. हॉलच्या कोपऱ्यात कोरी करकरीत घरघंटी होती. शेजारी एक बाई पाकिटांना चिठ्ठ्या लावत बसली होती.

"नवी दिसते," मी म्हणालो. 

"हो ना! आधीची यांनी कंपनीतून आणली होती. सारखं बटण पडायचं. मग यांनी काहीतरी केलं, चालायला लागली. छान चालली हो नवरात्रापर्यंत. आणि मग या आमच्या भागीबाई!" त्यांनी त्या बाईकडे हात केला. "नवरात्रात अनवाणी असतात ना या. देवीचं असतं यांचं. आम्ही आपले घरातही स्लीपर घालून वावरतो, कधी काही जाणवलं नाही. यांनी हात लावला आणि अशा फेकल्या गेल्या! बटण पडलं म्हणून वाचल्या. मी आमच्या ह्यांना म्हटलं, ही पहिली घराबाहेर काढा."

"मग काढली?"

"त्याच आठवड्यात. परत केंद्रात जमा केली, मोडीत. जीवघेणी वस्तू कोण ठेवेल घरात?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी भाजणी घेतली, पैसे दिले आणि बाहेर पडलो. लिफ्टपाशी भागीबाई मागून आली. पाय अजूनही अनवाणीच होते.

"काका, तुम्ही भाजणीवाले नाही. साहेबांच्या कामावरच्या कोणाची तरी बाई गेली म्हणे, शॉक लागून. फोनवर बोलत होते. तीच का ही?"

मी मान डोलावली.

भागीबाईने भिंतीला हात टेकला. "मी पडले तेव्हा साहेब घरातच होते. त्यांनीच मला उचललं, पाणी पाजलं. म्हणाले, भागीबाई, चपला घालत चला." ती माझ्याकडे बघत राहिली. "चांगले आहेत हो ते. म्हणजे, मला तसं वाटत होतं."

६

कंपनीचा मुंबईचा अधिकारी अहवाल घ्यायला सिन्नरला आला, तेव्हा मी देवरे, सोमनाथ आणि कारभारी तिघांनाही बसायला सांगितलं. बुधा दारात उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

मी वाचून दाखवायला सुरुवात केली. आवाज इतका लहान निघाला की अधिकारी म्हणाला, "जरा मोठ्याने." मग मी कागद खाली ठेवला आणि तोंडीच सांगितलं. पट्टा. थेंब. राजगिरा. पांढरी पट्टी. पडणारं बटण. प्रत्येक शब्दासरशी देवऱ्यांचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा होत गेला.

"हे सगळं अंदाज आहेत," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "पिठावरून खून शोधतायत!"

"भागीबाई साक्ष द्यायला तयार आहे," मी म्हणालो.

मग देवरे फुटले. मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही. ते रागावले, आणि तेही माझ्यावर.

"मी काय चोरी केली? भंगारच होतं ना ते? ती बाई गेटवर येऊन हात जोडायची. साहेब, जुनी असली तरी चालेल. मी मदत केली! आम्ही स्वतः वापरली ती. माझी बायको वापरत होती. मी बायकोला मारायला ठेवली होती का?"

"फुकट दिलीत?"

देवरे टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"भागीबाई पडल्यानंतर दिलीत. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच तिला बजावलं!" देवऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "स्पष्ट सांगितलं होतं, चपला घालून दळ. चपलेशिवाय हात लावू नको. ऐकलं नाही तिने, त्याला मी काय करू?"

आयुष्यात मी कोणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशीही नीट ओरडता आलं नाही, आवाज चिरकला. पण तो थांबला नाही.

"चपला तिच्या दाराबाहेर होत्या, देवरे! दाण्यात देवी असते तिच्या. तिच्यापुढे ती पायात काही घालणार होती? तुमच्या घरात जमिनीवर फरशी, पायात स्लीपर आणि भिंतीत जीव वाचवणारं बटण. तिथे तुम्हाला ती वस्तू धोक्याची वाटली, म्हणून घराबाहेर काढलीत. आणि पाठवलीत कुठे? शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर, अनवाणी बाईच्या हाताखाली, जिथे पडायला बटणच नाही. तुम्ही दिलीत ती सूचनाच नव्हती. ती पाळली जाणार नाही, अशा घरी माल पोचवलात. आणि मग तिच्या दिराला चोर केलंत."

कारभारी उठला, देवऱ्यांसमोर गेला आणि फक्त म्हणाला, "सायेब, मी भंगारवाला हाय. पर मी मेलेला माल मेलेला म्हणून इकतो."

मुंबईच्या अधिकाऱ्याने घसा खाकरला. "शब्द जरा सौम्य करता येतील का, काका? 'अनधिकृत हस्तांतर' असं काहीतरी?"

"नाही," मी म्हणालो. आणि सही केली.

बुधावरची तक्रार मागे घेतली गेली. देवऱ्यांना पोलिसांनी नेलं ते दुपारी, शेडमधल्या सगळ्यांसमोर. सोमनाथ आपल्या टेबलापाशी परत जाऊन बसला. थोड्या वेळाने पाहिलं तर तो काहीच तपासत नव्हता. हातात नेलपॉलिशची बाटली धरून नुसता बसला होता.

७

दिवसाच्या कार्याला मी बुधाबरोबर पाड्यावर गेलो. न जाण्याची शंभर कारणं मनात तयार होती. जीप येईपर्यंत ती सगळी मोजून झाली होती.

मनोजला मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. तो ऐकत होता, पण बघत होता दुसरीकडे. बुधा अंगणाच्या कडेलाच थांबला होता.

"त्याने मागितली होती," मनोज शेवटी म्हणाला. "तो मागत नसता, तर ती त्या गेटावर गेली नसती."

"हो," मी म्हणालो. "मागितली होती. मागणं गुन्हा नाही. त्यांनी दिली ती जाणून दिली."

 बयाबाई पत्रावळी लावत होती. बुधासाठी लावावी की नाही हे न कळून तिचा हात मधेच थांबला होता.

तेवढ्यात वाटेवर टेम्पोचा आवाज आला. कंपनीचं नाव लिहिलेला टेम्पो. त्यातून एक तरुण उतरला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. ड्रायव्हरने मागचं फाळकं पाडलं आणि दोघांनी मिळून एक मोठं खोकं अंगणात आणून ठेवलं. नवी घरघंटी. खोक्याला रिबन बांधली होती.

"कंपनीकडून भेट," तरुण म्हणाला. "घरच्या लोकांनी जरा जवळ उभं राहिलं तर एक फोटो..."

 कार्याला आलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अक्काबाईच्या दोन्ही पोरी बयाबाईच्या मागे सरकल्या. माझ्या डोक्यात रक्त चढलं, पण बोलायचा अधिकार माझा नव्हता.

मनोज उठला. खोक्यापाशी आला. ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "न्या परत."

"अहो, असं कसं? नवी आहे. पूर्ण सुरक्षित."

"न्या म्हणलं ना."

ड्रायव्हर हातपाय गाळून म्हणाला, "दादा, परत न्यायचा कागद नाही माझ्याकडे. पोचवायचा आहे फक्त. मी हात लावणार नाही."

मनोजने खोक्याची एक बाजू धरली आणि उचलायला गेला. एकट्याला उचलेना. खोकं तिरपं झालं. त्याने दातओठ खाऊन पुन्हा जोर लावला. कार्याला आलेले पुरुष बघत राहिले. काय करावं ते कोणालाच सुचेना.

बुधा अंगणाच्या कडेवर उभा होता. तो पुढे आला, थांबला, भावाकडे पाहिलं.

मनोजने मान वर केली नाही. "उभा काय राहिलास?" तो म्हणाला. "धर तिकडून."

बुधाने दुसरी बाजू धरली. दोघा भावांनी खोकं उचललं, अंगणातून वाटेपर्यंत नेलं आणि टेम्पोत ठेवलं. मग मनोजने फाळकं लावलं, हात झटकले आणि मागे न बघता म्हणाला, "चल. पान वाढलंय."